गावच्या घरासाठी पोर्टेबल पॉवर स्टेशन: किती मोठं घ्यावं, कशावर चालवू नये?

काजूबी
घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. दोन खोल्या पर्यटकांना देतो. पावसाळ्यात लाईट जाते ती कधी दोन तास, कधी दोन दिवस. जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट बाद झालाय.

रात्रभर दोन पंखे, चार एलईडी बल्ब, वायफाय आणि मोबाइल एवढं चालायलाच हवं. जमल्यास १९० लिटरचा फ्रीज आणि विहिरीवरचा १ एचपीचा पंप. डिसेंबर ते मे तंबू लावतो, तिथे दिवे, टेबल फॅन आणि छोटा स्पीकर लागतो. गणपतीत मखराची रोषणाई आणि आरतीला माईक. बजेट साठ-सत्तर हजार. पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात) घ्यावं की पुन्हा इन्व्हर्टरच बरा? जाणकारांनी सांगावं.

रातांबा
आधी लोड मोजू, ब्रँड नंतर.

साधा छताचा पंखा ७५ वॉट. दोन पंखे, १० तास: १५०० वॉट-अवर. बल्ब ९ वॉटचे चार, ४ तास: १४४. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १२ वॉट, १० तास: १२०. चार मोबाइल: ७० धरा. बेरीज १८३४.

आता पंखे बीएलडीसी (ब्रशविना मोटरचे, कमी वीज खाणारे) लावा. फुल स्पीडला ३० वॉटच्या आसपास, तीनवर जेमतेम १५. फुल स्पीड धरूनही पंख्यांचे १५०० चे ६०० होतात आणि बेरीज ९३४ वर येते. तीनवर ठेवले तर ६३४.

पॉवर स्टेशनच्या डब्यावर १०२४ वॉट-अवर लिहिलेलं असतं तेव्हा २३० व्होल्टच्या सॉकेटमधून प्रत्यक्षात ८५०-८७० हाती येतात. उरलेलं आतल्या इन्व्हर्टरच्या पोटात जातं. म्हणजे साध्या पंख्यांना २००० च्या वरचं स्टेशन लागेल, बीएलडीसी तीनवर ठेवले तर १००० चं पुरेल. तीन-तीन हजारांचे दोन पंखे बदलून बॅटरी निम्म्यावर येत असेल तर पहिली खरेदी पंख्यांचीच करा.

आणखी एक. स्टेशनवरचं एसीचं (२३० व्होल्ट सॉकेटचं) बटण नुसतं चालू ठेवलं, काहीही जोडलं नाही, तरी १०-१५ वॉट जात राहतात. रात्रभरात १००-१५० वॉट-अवर. पंखे नको असतील त्या रात्री राउटर १२ व्होल्टच्या डीसी पॉइंटवर आणि दिवे यूएसबीवर घ्या, एसी बंद. राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय ना आणि पिनच्या आत प्लस आहे ना, एवढं बघून मगच वायर लावा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात.

माका_काय
माका एकच सांगूचा आसा: पंपाचो नाद सोडा.

सड्यावरून
वरच्याला +१, पण कारण सांगतो. १ एचपीचा सिंगल फेज पंप चालताना १००० ते ११०० वॉट घेतो. तेवढं बघून लोक म्हणतात, १८०० वॉटच्या स्टेशनवर चालेल की. मोटर सुरू होताना मात्र क्षणभर चार ते सहा पट करंट ओढते, म्हणजे ४ ते ६ किलोवॉट. स्टेशन ओव्हरलोड दाखवून बंद. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं तर कपॅसिटर आणि वाइंडिंग दोन्हीला त्रास.

जाहिरातीतला 'बूस्ट' याहून फसवा. रेट केलेल्या वॉटपेक्षा जास्तीची वस्तू चालते म्हणतात, ती व्होल्टेज खाली पाडून. किटली, इस्त्री असल्या तापणाऱ्या वस्तूंना ते चालतं, फक्त सावकाश तापतात. मोटरला कमी व्होल्टेज दिलं तर ती घुमते, तापते आणि जळते. पंप, फ्रीज, मिक्सर यांना बूस्ट लावू नका, ॲपमधून तो बंदच ठेवा.

पाण्याला उत्तर टाकी. लाईट असताना १००० लिटर वर चढवून ठेवा. दोन खोल्यांचे पाहुणे धरून दीड दिवस निघतो.

फ्रीजचं गणित निराळं. दारावरच्या स्टार लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. त्याला ३६५ ने भागा. १८० युनिटं असतील तर दिवसाला अर्धं युनिट, म्हणजे ५०० वॉट-अवर. आपल्याकडच्या उकाड्यात आणि पाहुण्यांच्या दारउघडीत त्याहून जास्तच. म्हणजे १००० चं स्टेशन पंखे आणि फ्रीज दोन्ही रात्रभर ओढणार नाही. लाईट गेल्यावर फ्रीज चार तास न उघडता तसाच ठेवा. मग दोन तास चालवा, पुन्हा बंद. फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवलेल्या असतील तर खालचा कप्पा आणखी टिकतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रीज हळू सुरू होतो, तो ५००-६०० वॉटच्या स्टेशनवरही उठतो. जुन्या साध्या कॉम्प्रेसरला सुरुवातीच्या झटक्यासाठी १००० वॉटच्या वरचं स्टेशन लागतं.

फ्रीज लावलात तर 'ऑटो ऑफ' आधी बंद करा. कॉम्प्रेसर थांबला की लोड शून्यावर येतो, स्टेशनला वाटतं काम संपलं आणि ते एसी बंद करून टाकतं. सकाळी मासळीचा वास येतो तेव्हा दोष बॅटरीला दिला जातो.

पोफळी
इन्व्हर्टरची बाजू कोणीच घेतली नाही म्हणून.

१५० एएचची (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १२ × १५० = १८०० वॉट-अवर. तळापर्यंत न उतरवता आणि इन्व्हर्टरचा खर्च जाता १००० ते ११०० मिळतात. म्हणजे वरच्या स्टेशनपेक्षा थोडं जास्तच, निम्म्याहून कमी पैशांत. घरच्या वायरिंगला कायमचा जोडलेला, लाईट गेली की आपोआप चालू. बिघडला तर चिपळुणात त्याच दिवशी दुरुस्त होतो. पॉवर स्टेशनचं बोर्ड गेलं तर डबा मुंबईला किंवा त्यापुढे पाठवा आणि लिथियम बॅटरी कुरिअरवाला सहज घेत नाही.

तोटेही आहेत. वजन पन्नास-साठ किलो, पूर्ण चार्जला १०-१२ तास, डिस्टिल्ड वॉटर बघत राहायचं. खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवं-पांढरं साचतं, त्याला कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुऊन, सुकवून वर पेट्रोलियम जेली. किनाऱ्यावर नेणं तर सोडाच.

तिसरा रस्ता लोक विसरतात: इन्व्हर्टर साधा आणि बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). १२.८ व्होल्ट १०० एएच म्हणजे १२८० वॉट-अवर, वजन १२-१३ किलो. इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग हवं, १४.२ ते १४.६ व्होल्टला चार्जिंग थांबणारं. लीड ॲसिडच्या 'इक्वलाइज' चार्जिंगवर ती लावू नका, बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट) चार्जिंग वारंवार तोडतो.

काजूबी, तुमचा बाहेरचा वापर वर्षातून किती दिवस, यावर सगळं ठरेल.

काजूबी
सीझनला जवळजवळ रोज संध्याकाळी तंबूकडे लागेल. म्हणून तर पॉवर स्टेशनचा विचार.

पोफळी
मग पॉवर स्टेशनच. रोज वापर असेल तर त्याची किंमत वसूल होते. नुसतं पावसाळ्यासाठी असतं तर नको म्हटलं असतं.

रातांबा
आता डब्याकडे. घ्यायचं ते एलएफपी पेशींचंच. चार्ज-डिस्चार्जच्या ३००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता उरते असं कंपन्या सांगतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पेशींचे डबे हलके असतात, पण ५०० ते ८०० चक्रांत तिथवर येतात आणि उष्णतेत एलएफपीइतके निर्धास्त नाहीत. अर्थात चक्रं मोजत बसायचं कारण नाही. समुद्राजवळ पेशी संपायच्या आधी पंखा, सॉकेट आणि बोर्ड गंजतात.

अंदाज यावा म्हणून: ईकोफ्लो रिव्हर २ म्हणजे २५६ वॉट-अवर, ३०० वॉट, साडेतीन किलो. तंबूचे दिवे, स्पीकर आणि बीएलडीसी टेबल फॅन यापुरतं. डेल्टा २ म्हणजे १०२४ वॉट-अवर, १८०० वॉट, १२ किलो. ब्लूटी एसी १८० म्हणजे ११५२ वॉट-अवर, १८०० वॉट, १६ किलो. तुमचा वर्ग या शेवटच्या दोघांचा. वाळूतून रोज १६ किलो उचलून बघा, मग १२ आणि १६ मधला फरक कळतो.

हीच नावं परदेशातून आणून विकणारे ऑनलाइन भरपूर आहेत. अमेरिकेचा डबा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ देतो. आपला पंखा त्यावर रडतखडत फिरेल, फ्रीजचा कॉम्प्रेसर जाईल. डब्याच्या तळाच्या लेबलवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि बीआयएसचं चिन्ह नोंदणी क्रमांकासह बघा. भारतातलं बिल आणि वॉरंटी असेल तरच पैसे द्या. वेव्हफॉर्म 'प्युअर साइन' (घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहर) हवा. 'मॉडिफाइड' असला तर पंखे गुणगुणतात आणि आरतीच्या माईकमध्ये घरघर येते.

खाडीपलीकडे
सोलर पॅनेलचं कोणी बोललं नाही. यातच जास्त डबे जळतात.

प्रत्येक स्टेशनला सोलर इनपुटची व्होल्टची मर्यादा असते. रिव्हर २ ला ३० व्होल्ट, डेल्टा २ ला ६०. बाजारात घरच्या छतासाठी मिळणारं ५४० वॉटचं पॅनेल काहीही न जोडता ४९-५० व्होल्ट देतं. ६० वाल्याला एक चालेल. दोन सिरीजमध्ये जोडली की शंभराजवळ, इनपुट खलास, वॉरंटीही खलास. ३० वाल्याला एकसुद्धा चालणार नाही, त्याला २२ व्होल्टवालं १०० वॉटचं पॅनेल. व्होल्ट जास्त झाले तर जळतं. अँपिअर जास्त असले तर डबा हवे तेवढेच घेतो, बाकी वाया. गार सकाळी पॅनेलचं व्होल्टेज थोडं वर जातं, म्हणून मर्यादेच्या दहा टक्के खाली राहा.

माडाखाली पॅनेल ठेवू नका. एका झावळीची सावली पडली तरी सिरीजमधल्या सगळ्या पॅनेलचं उत्पादन कोसळतं. वाडीत मोकळी जागा नसेल तर दोन पॅनेल पॅरलल जोडा, सावली आली तर एकाचंच नुकसान. तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. वायर ४ चौ.मि.मी.ची, लांबी शक्यतो दहा मीटरच्या आत. पॅनेलच्या वायरीचे एमसी४ कनेक्टर मोकळे लोंबत ठेवले तर दोन पावसांत आतल्या पिना काळ्या पडतात. न वापरताना टोपणं लावा.

आकडेही सांगून ठेवतो. २०० वॉटचं पॅनेल मार्चच्या दुपारी १३०-१५० वॉट देतं, दिवसाचे ७००-८०० वॉट-अवर. जुलैच्या दाट ढगात २० ते ४० वॉट, दिवसाचे शंभर-दोनशे. म्हणजे मोबाइल, राउटर आणि दिवे. पावसाळ्यात सोलरवर पंखे चालतील अशी आशा ठेवू नका.

काजूबी
म्हणजे निसर्ग चक्रीवादळासारखं झालं तर?

खाडीपलीकडे
निसर्ग ३ जून २०२० ला आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. तेवढ्याला १००० वॉट-अवरचा कुठलाही डबा पुरणार नाही, तो भरायचा कशाने हा प्रश्न. गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून साधारण १०० वॉट मिळतात, इंजिन चालू ठेवून १०-११ तास. छोटा १ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर हे काम जास्त बरं करतो, पण डब्याचं चार्जिंग ॲपमधून ३००-४०० वॉटवर उतरवा. नाहीतर डबा सुरुवातीलाच हजार-बाराशे वॉट मागतो आणि जनरेटर बसतो. जनरेटर पडवीत नाही, ओटीवर नाही, घरापासून लांब उघड्यावर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की डबा १०० टक्के भरून ठेवा, टाकी भरा, फ्रीझरमध्ये बाटल्या लावा, छतावरचं सुटं पॅनेल खाली उतरवा. पूररेषेजवळ घर असेल तर डबा माळ्यावर. खारं पाणी शिरलेला डबा सुकवून चालू करून बघायचा नाही. घराबाहेर, लाकूडफाट्यापासून दूर ठेवायचा आणि कंपनीला कळवायचं.

वायरमन_दादा
धागा वाचून राहवेना, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हा डबा घरच्या बोर्डाला जोडू का?

दोन्ही टोकांना पिनटॉप असलेली वायर करून भिंतीतल्या सॉकेटमधून घरात करंट सोडतात, ते अजिबात करू नका. मेन स्विच चालू राहिला तर तो करंट मीटरमधून बाहेर लाईनवर जातो. ट्रान्सफॉर्मर त्याला उलटा चढवून ११ केव्ही करतो. लाईन बंद समजून खांबावर चढलेला महावितरणचा माणूस त्यात जातो. आणि लाईट परत आली की तुमचा डबा त्याच क्षणी जळतो.

घरात द्यायचंच असेल तर मीटरनंतर टू-पोल चेंजओव्हर स्विच, ज्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. त्यावर फक्त पंखे-दिव्यांचं सर्किट, गीझर आणि पंप वेगळे. काम लायसन्सवाल्याकडून करून घ्या. जुन्या घरांत सगळ्या खोल्यांचा न्यूट्रल एकत्र बांधलेला असतो, तो सोडवावा लागतो. नाहीतर मेनचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) सारखा पडत राहतो.

टेस्टर लावला की दोन्ही भोकांत मंद दिवा लागतो, म्हणून डबा खराब असं समजू नका. बहुतेक डब्यांचं आउटपुट अर्थला बांधलेलं नसतं. त्यामुळे पुढे जोडलेला आरसीसीबी नीट काम करेलच असं नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसताना न्यूट्रल-अर्थ स्वतः बांधू नका.

लाईट असताना भिंतीचा सॉकेट आणि वस्तू यांच्या मध्ये डबा ठेवून ती चालवली तर महावितरणचं व्होल्टेज जसंच्या तसं पुढे जातं. १७० आलं तर फ्रीजला १७०. फ्रीजचा स्टॅबिलायझर काढू नका.

सड्यावरून
दादांना +१००. हा प्रतिसाद धाग्यात सगळ्यात वर हवा.

रातांबा
किनाऱ्यावरच्या वापराबद्दल. डबा वाळूवर ठेवू नका. स्टूल किंवा उलटा क्रेट, दीड-दोन फूट उंच, वाऱ्याकडे पाठ, म्हणजे हवा ओढणाऱ्या जाळ्या समुद्राकडे नकोत. वर सावली हवी. ४० अंशांच्या पुढे बहुतेक डबे चार्जिंग मंदावतात किंवा थांबवतात, आणि मे महिन्यात बंद गाडीत ६० च्या वर जातं. प्लॅस्टिकने झाकलं तर आत घाम धरतो. चार्जिंग घरी आणून, आणि हळू. जलद चार्जिंगला पंखा जोरात फिरतो आणि तेवढीच खारी हवा आत ओढतो. रात्री घरी आणल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या फडक्याने मीठ सॉकेटमध्ये जातं.

सीझन संपला की ५०-६० टक्क्यांवर ठेवा आणि तीन महिन्यांतून एकदा बघा. शून्यावर सोडून चाकरमानी मुंबईला गेले की गणपतीला डबा उघडतच नाही, बीएमएस कुलूप लावून बसलेला असतो. उलट सतत पावसाळी बॅकअपला लावलेला असेल तर चार्जची कमाल मर्यादा ८५-९० टक्के ठेवा. दोनेक महिन्यांतून एकदा १०० पर्यंत न्या, कारण एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं आणि टक्क्यांचा आकडा हळूहळू भरकटतो. ४० टक्के दाखवत असताना अचानक बंद पडलं तर बहुधा हेच.

नुस्तेकार
होडीवर चालेल का? रात्रीच्या दिव्यांना.

खाडीपलीकडे
नको. हवा खेळायला जाळ्या असतात, त्यांतून पाण्याचे तुषार थेट बोर्डावर जातात. होडीला १२.८ व्होल्टची एलएफपी बॅटरी बंद आयपी६७ (पाणी-धूळ न शिरणाऱ्या) डब्यात, प्लसवर बॅटरीलगत फ्यूज आणि १२ व्होल्टचे एलईडी दिवे. एसीची गरजच नाही.

पोफळी
घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर कोणी असेल तर ५ लिटरचं यंत्र ३०० ते ३५० वॉट सतत खातं. १००० चा डबा अडीच तास फार तर. एकट्या डब्यावर विसंबू नका, भरलेला सिलिंडर घरात हवाच. सीपॅपचं (झोपेत श्वासासाठी दाबाने हवा देणारं यंत्र) बरं, ह्युमिडिफायर बंद ठेवला तर ३०-४० वॉट, रात्र निघते.

काजूबी
ठरलं. बीएलडीसी पंखे दोन, १००० च्या वर्गातला एलएफपी डबा, २०० वॉटचं पॅनेल. पंप आणि फ्रीज डब्याच्या हिशोबातून बाहेर. मखराच्या एलईडी माळा ४० वॉट आणि ॲम्प्लिफायर १०० वॉट, दीड तास, म्हणजे दोनशे दहा वॉट-अवर, ते बसतंय. भाऊ मुंबईत घेऊन ठेवेल. तो विमानाने आला तर सोबत आणू शकेल?

रातांबा
विमानात नाही. केबिनमध्ये १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी नेता येते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर बंदी. चेक-इन सामानातही चालत नाही. गाडीने किंवा ट्रेनने आणावा, मूळ खोक्यात, ४०-५० टक्के चार्जवर. ट्रेनच्या डब्यातल्या मोबाइलच्या पॉइंटवर तो चार्ज करत येऊ नये.

आणि मुंबईत असतानाच भावाला चाचणी करायला सांगा. १०० टक्के भरून १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब लावायचा आणि घड्याळ बघायचं. १०२४ च्या डब्यावर आठ तासांच्या आसपास जळायला हवा. सातच्या आत बंद पडला तर परत करायची मुदत संपण्याआधी दुकानात न्या. खोकं आणि बिल तोवर टाकू नका.